सोनियाचा पेपर

उत्रोलीच्या मंगलला भोरला कॉम्प्युटर शिकायला कुणी पाठवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पाठवलं होतं तिच्या नणंदेला. मंगलला पाठवलं होतं नणंदेच्या सोबतीला. राखणीला म्हणा हवं तर.

साल दोन हजार अकरा. सोनिया बारावी झाली होती, स्थळं यायला लागली होती, आणि कुणीतरी तिच्या आईच्या, म्हणजे बनाबाईंच्या डोक्यात भरवून दिलं की पोरीनं कॉम्प्युटरचा कोर्स केलेला असला की शहरातलं स्थळ मिळतं. भोरच्या एस.टी. स्टँडमागं, भांड्यांच्या दुकानावर, करंदीकर सरांचा क्लास होता. तिथं वेब पेज बनवायचा सहा महिन्यांचा कोर्स होता. बनाबाईंनी लेकीचं नाव घातलं खरं, पण तरणी पोर एकटी भोरला धाडायची कशी? आता उत्रोली ते भोर असं अंतर ते काय! पण बनाबाईंपुढं हे बोलणार कोण? थोरल्या सुनेला हुकूम सुटला, की तू संगं जा, मागं गप बसून ऱ्हा, आन् येळ जात न्हाई तर तांदूळ ने निवडायला.

तर मंगल गेली. पिशवीत पायलीभर तांदूळ आणि एक सूप घेऊन, चोवीस वर्षांची, दहावीपर्यंत शिकलेली ही बाई क्लासच्या शेवटच्या बाकड्यावर जाऊन बसली. पहिल्या दिवशी पोरं हसली. हसणारच. समोर नऊ कॉम्प्युटर घूं घूं करतायत आणि मागं एक बाई खडे वेचतेय.

करंदीकर सर मात्र हसले नाहीत. शरच्चंद्र करंदीकर म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. सरकारी कचेरीतली पक्की नोकरी पन्नाशीत सोडून त्यांनी हा क्लास काढला, तेव्हा भोरातल्या त्यांच्या भाऊबंदांनी कपाळावर हात मारून घेतला होता. सरांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं म्हणणं, टायपिंग शिकवणारे पुष्कळ आहेत, मी पान जिवंत कसं करायचं ते शिकवणार.

आणि वीज? ती दुपारी जायची म्हणजे जायचीच. तेव्हाच्या भारनियमनाचे तास ज्यांनी काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. इन्व्हर्टर पंधरा मिनिटं किंचाळायचा आणि मान टाकायचा. मग सर शिकवायचे कसे? तर जमिनीवर. खालच्या दुकानातनं ते वीस-पंचवीस ताटं न् वाट्या मागून आणायचे, काही वाट्यांना लाल टिकली चिकटवायचे, तीन ओळींत मांडायचे आणि पोरांना एकेका ताटामागं मांडी घालून बसवायचे.

वेब पेज म्हणजे पंगत, असं त्यांनी सांगितलं. पंगतीत ओळ, ओळीत ताट, ताटात वाटी. वाटी कुणाची, तर ताटाची. ताट कुणाचं, तर ओळीचं. शेजारचं ताट ते शेजारी. एवढं नातं ज्याला कळलं त्याला पानावर कुठंही पोचता येतं, आणि जिथं पोचता येतं तिथलं काहीही बदलता येतं. रंग, मजकूर, हवं तर ताटच उचलून दुसरीकडं. आता हे हिंडून-फिरून बदलायचं काम करतं ते जावास्क्रिप्ट. आणि जेक्वेरी म्हणजे त्यातला तरबेज वाढपी. त्याला प्रत्येक ताट दाखवत बसावं लागत नाही. एकदाच सांगायचं, लाल टिकलीच्या वाट्यांत वाढ, की तो बरोबर तेवढ्याच वाट्या शोधून काढतो.

मग वाढपी कोण होणार? सगळी पोरं तर ताटामागं बसलेली. सरांची नजर शेवटच्या बाकड्यावर गेली. ‘अहो वहिनी,’ ते म्हणाले, ‘तांदूळ घेऊन इकडे या.’

मंगलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण उठली. पदर खोचला, तांदळाची पिशवी काखेत घेतली आणि सर सांगतील तसं वाढत गेली. दुसऱ्या ओळीतलं तिसरं ताट. त्याच्या पुढचं. आता त्या वाटीचं जे ताट असेल ते उचलून पहिल्या ओळीत ठेवा. आता टिकलीवाल्या सगळ्या वाट्यांत एकेक मूठ. पोरं ताटामागं बसून नुसती बघत होती आणि ही बाई चालत होती, वाकत होती, शोधत होती. सहा महिन्यांत असे पन्नासेक दिवस तरी झाले असतील. बाकीच्यांनी जे वहीत लिहून घेतलं ते मंगलच्या पायांना पाठ झालं.

गुंजवण्याहून अमृत नावाचा मुलगा यायचा. राजगडाच्या पायथ्यापासून निघालेली त्याची एस.टी. कधी वेळेवर पोचली असेल तर शपथ. एकदा असाच तो पंगत मांडून झाल्यावर आला आणि आपलं ताट घेऊन टोकाला बसला. सरांनी मंगलला आधीच ताटं मोजून दाखवली होती, या एवढ्यांना वाढा म्हणून. तिनं तेवढ्यांना वाढलं. अमृत मोकळं ताट घेऊन बसलेला. सरांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, हे डोक्यात कोरून ठेवा. एकेका ताटाला सांगून ठेवलं की उशिरा आलेला उपाशी राहतो. सांगायचं ते पंगतीला सांगा. मग कुणी कधीही येऊन बसो, त्याला वाढलं जातंच.

आणि सोनिया? ती बिचारी जांभया देत होती. वाईट पोर नव्हती हो, उलट लाघवी, हसरी. पण तिचं मन त्या कंसांत आणि डॉलरच्या खुणांत कधी रमलंच नाही. वीज असली आणि तिची पाळी आली की ती वयनीला कोपरानं ढोसायची, की तूच कर, माजं डोकं दुखतंय. टेबलाखाली तिचा मोबाईल चालायचा आणि टेबलावर मंगलची बोटं. सर तेव्हा पुढच्या पोरांत असायचे. लावणीच्या दिवसांत मंगल पहाटे खाचरात वाकून यायची, नखांत चिखल. सरांनी दाराशी बादली आणि टॉवेल ठेवला होता. सोबतीला आलेल्या बाईसाठी बादली कशाला, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नसावं. संध्याकाळी परत जाताना एस.टी.च्या खिडकीतनं दोन्ही अंगाला हिरवीगार भातखाचरं दिसायची, सोनिया तेवढ्याशा वाटेतही खांद्यावर डोकं टाकून पेंगायची, आणि मंगल मनातल्या मनात खाचरांना ओळी आणि ताटं करत बसायची. ते दिवस आठवले की तिला आजही गलबलून येतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी असं येत होतं जे घरात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं.

परीक्षा आली दिवाळीच्या आधी. विजेचा भरवसा नाही म्हणून सरांनी कागदावरचा पेपर दिला, आणि तोही घरी लिहून आणायला. पालकांपैकी एकानं हरकत घेतली, की अहो, पोरं कॉपी करतील. सर म्हणाले होते, ज्याला चोरी करायची त्यानं ती स्वतःच्या घरात बसून करावी, म्हणजे लाज जास्त वाटते. पेपर रविवारी लिहायचा, सोमवारी आणून द्यायचा.

त्याच रविवारी पुण्याहून सोनियाला बघायला पाहुणे येणार होते. मुलगी कॉम्प्युटर शिकलेली आहे असं त्यांना कळवून झालं होतं. सोनियाला साडी नेसवायची का पेपर लिहवायचा? बनाबाईंनी निकाल लावला. म्हणाल्या, ‘मंगल, तू लिव. कागदाला काय कळतंय कुणी लिवलं?’

मंगलनं चुलीपाशी पाट टाकला. एकीकडं पोह्यांना फोडणी, एकीकडं पेपर. चहा उतू गेला तो तिला तेवढ्यापुरता कळला. बाहेर सोनिया मान खाली घालून नाव-गाव सांगत होती आणि आत मंगल बटणावर टिचकी मारल्यावर यादी कशी उघडायची ते लिहीत होती. खरं सांगायचं तर तिला अपराध्यासारखं वाटलं नाही. तिला आनंद झाला होता. तिला प्रश्न आवडले होते. कागदाच्या माथ्यावर नाव लिहिताना मात्र हात अडखळला, मग तिनं सोनियाचं नाव लिहिलं, घोटून, सुवाच्य.

स्थळ जमलं. चार दिवसांनी सर्टिफिकेट घ्यायला मंगल एकटीच गेली, कारण सोनियाला आता उन्हात फिरवायचं नव्हतं. सरांनी तिला समोर खुर्ची दिली. पेपर पुढ्यात होता. ‘दहा वर्षांत असा पेपर माझ्या हातात आला नव्हता,’ ते म्हणाले. ‘आणि तुम्ही लोक तिचं लग्न करताय!’

तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं. ओठावर आलंही होतं. पण ते सर्टिफिकेट बघायला सोनियाचे होणारे सासरे येणार होते. मंगलनं मान खाली घातली आणि विचारलं, सर, मी शिकायला येऊ का? सर जरा नवलानं बघत राहिले. म्हणाले, ये. पण अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

आता काय म्हणावं याला! स्वतःच कोळून प्यायलेलं सगळं मंगलला पुन्हा श्रीगणेशापासून शिकावं लागलं, आणि येत नसल्याचं सोंग करत. सर एखादी गोष्ट सांगायचे, ती सवयीनं पटकन करून मोकळी व्हायची, आणि सर कौतुकानं म्हणायचे, नणंदेचा गुण लागलाय गं तुला. अहो, वहिनीची आता मंगल झाली होती, अहो-जाहोचं अगं-तुगं झालं होतं, सर तिला लेकीसारखं ओरडायला लागले होते. पण तिनं काहीही चांगलं केलं की त्याचं श्रेय जायचं पुण्यात नांदणाऱ्या सोनियाला. पेन ड्राइव्हवर जेक्वेरीची फाईल प्रसादासारखी हातात ठेवताना सर म्हणाले, सोनियालाही एक दे.

अशी चौदा वर्षं गेली. मंगलचं काम वाढलं. पानशेतच्या बाजूला पुण्याच्या लोकांसाठी जेवणाखाणाची ठिकाणं निघाली, खोल्या निघाल्या. अमृतनं ती कामं आणायची आणि मंगलनं पानं बनवायची, असं दोघांचं जमून गेलं. उत्रोलीच्या बायकांच्या गटाचा तांदूळ तिच्या पानावरनं मुंबईला जातो. नवरा हनुमंत टेम्पो चालवतो आणि बायकोबद्दल चारचौघांत फुशारकी मारतो. भिंतीवर सर्टिफिकेट मात्र नाही. होतं ते सोनियाबरोबर सासरी गेलं, आणि स्वतःच्या नावानं पुन्हा पेपर द्यायला मंगल कधी धजली नाही.

दर दिवाळीला मंगल नव्या तांदळाची पिशवी घेऊन सरांकडं जायची. मालिनीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बशीत अनारसे द्यायच्या आणि सर विचारायचे, सोनिया काय करते? मंगल सांगायची, बरी आहे, दोन मुलं आहेत. सर मान हलवायचे, खिडकीतनं नीरेच्या पुलाकडं बघायचे आणि म्हणायचे, बुद्धी वाया गेली पोरीची. मग मंगल मान खाली घालून अनारसा मोडत बसायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता ते इतकं जुनं झालं, की आता सांगायचं तर चौदा दिवाळ्यांचं खोटं सांगावं लागणार होतं. शिवाय सर गावभर अभिमानानं सांगत, माझ्या क्लासात पेपर घरी लिहायला दिला तरी आजवर कुणी कॉपी केलेली नाही. ते ऐकलं की मंगल जागच्या जागी बारीक व्हायची.

टाळेबंदीनंतर क्लास बंद पडला तो पडलाच. परवाच्या गणपतीत बातमी आली, की काकूंच्या गुडघ्यांनी जिना चढवेना, म्हणून मुलगा प्रद्युम्न दोघांना पुण्याला कायमचं घेऊन चाललाय. अमृतनं जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप काढला. ठरलं असं, की सरांना एक पान भेट द्यायचं. पानावर पंगत. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक ताट, ताटावर टिचकी मारली की त्यानं सरांना लिहिलेला मजकूर उघडणार. बनवणार अर्थात मंगल. अमृतनं तिला चिडवलं, वयनी, आता जेक्वेरी कोण वापरतं, म्हातारी झाली ती. मंगल म्हणाली, सरांचं पान जेक्वेरीतच व्हनार, तुला न्हाई बघवत तर डोळं मीट.

तिनं मनाशी एक ठरवलं होतं. आपल्या ताटात खरं काय ते लिहायचं. तोंडानं बोलणं या जन्मी जमणार नव्हतं. सर पुण्याला जातील, निवांत एकेक ताट उघडतील, तेव्हा वाचतील. रागावले तर तिकडं रागावतील. पण निदान या गावातनं जाताना ते खोटं बरोबर घेऊन जाणार नाहीत. तिनं सोनियाला फोन करून विचारलं. सोनिया खो खो हसायला लागली. म्हणाली, ‘वयनी, अगं मी इसरले बी व्हते. सांगून टाक की.’ चौदा वर्षं जे मंगलनं उराशी वागवलं, ते हिच्या आठवणीतही नव्हतं. मंगलला हसावं का रडावं कळेना.

त्रेपन्न ताटं तिनं आठवडाभरात मांडली. निरोपाचा रविवार उजाडला तरी मजकूर येतच होते. कुणी दुबईहून, कुणी नसरापूरहून. सकाळी ती घाईघाईनं खाली आणखी आठ ताटं वाढवून मोकळी झाली. त्यातलं अगदी शेवटचं तिचं स्वतःचं. वाढणारीनं आधी आपलं पान घेऊन बसायचं असतं का कधी? उत्रोलीच्या कुठल्याही घरात बायका शेवटी बसतात, तशी तीही बसली.

समारंभ झाला तो भांड्यांच्या दुकानावरच्या त्याच खोलीत. शाल, नारळ, भाषणं, फोटो. जेवणं उरकून लोक पांगले, अमृतही गेला. काकूंना खाली प्रद्युम्नच्या गाडीत बसवलं. खोलीतलं उरलंसुरलं सामान हनुमंत आपल्या टेम्पोत भरत होता, आणि सर खिडकीपाशी एकुलत्या एक उरलेल्या खुर्चीवर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन पान बघत होते. एकेक ताट. प्रत्येक नावाला थांबत होते, हसत होते, चष्मा पुसत होते. मंगल शेजारी उभी. तिला वाटलं होतं, दोन-चार उघडतील आणि उठतील. पण सर ओळीनं चालले होते. पहिली ओळ, दुसरी, तिसरी.  अजून बरीच आहेत, घरी जाऊन बघा सर, असं ती म्हणालीसुद्धा. सरांनी ऐकलं नाही.

शेवटच्या ओळीवर ते थांबले. पुन्हा टिचकी मारली. पुन्हा मारली.

‘मंगल, ही आठ ताटं उघडत नाहीत.’

तिच्या लक्षात आलं. तिनं प्रत्येक ताटाला वेगवेगळं सांगून ठेवलं होतं, आणि ही आठ ताटं त्यानंतर आली होती. उशिरा आलेले उपाशी! सरांनी जे सगळ्यांच्या डोक्यात कोरलं होतं, तेच नेमकं ती सरांच्याच पानावर विसरली होती. सरांना हे कळायला क्षणही लागला नसणार.

आणि मग तिच्या मनात आलं, की बरंच झालं. जाऊ दे सर, संध्याकाळी दुरुस्त करते, एवढं म्हटलं की सुटका. सर गाडीत बसतील, गाडी नसरापूरच्या फाट्याला लागेल, आणि तिला त्यांचं तोंड बघावं लागणार नाही. तिनं बोलायला तोंड उघडलंही होतं.

‘सोनियाच्या हातून ही चूक झाली नसती,’ सर म्हणाले.

वाईट हेतूनं नाही म्हणाले. सहज, नेहमीसारखं, जरा हळहळून. पण मंगलच्या आत काहीतरी तटकन तुटलं. चौदा वर्षांचा राग एकदम वर आला, आणि तो सरांवर नव्हता, सोनियावर नव्हता, बनाबाईंवरही नव्हता. तो त्या कागदावर घोटून लिहिलेल्या नावावर होता. तिनं सरांच्या मांडीवरनं लॅपटॉप उचलला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि उभ्याउभ्याच एक ओळ बदलली. ताटांना सांगितलेलं पंगतीला सांगितलं. पान पुन्हा उघडलं. शेवटच्या ताटावर स्वतःच टिचकी मारली आणि लॅपटॉप परत सरांच्या पुढं धरला.

‘वाचा सर,’ ती म्हणाली.

त्यात चारच वाक्यं होती. सर, सोनियाचा शेवटचा पेपर मी लिहिला होता. चुलीपाशी बसून, पाहुणे आले होते तेव्हा. तुम्ही विचारलं त्या प्रत्येक दिवाळीला सांगायचं होतं. तुमची विद्यार्थिनी, मंगल.

सरांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला. मंगलला वाटलं, संपलं. गेले आपले सर.

‘विश्वासावर घरी लिहायला दिला होता तो,’ शेवटी ते म्हणाले.

‘व्हय सर.’ एरवी सरांसमोर ती जपून, शहरी बोलायची. आत्ता ते कुठं गेलं कुणास ठाऊक.

‘आणि मी जगाला सांगत फिरलो, माझ्याकडे कुणी कधी कॉपी केली नाही म्हणून.’

‘कॉपी न्हाई केली सर,’ मंगल म्हणाली. मान वर होती. ‘आक्षी पहिल्यापास्नं शेवटापत्तुर माजं मी लिवलं. नाव तेवडं तिचं व्हतं.’

सर तिच्याकडं बघत राहिले. खाली हनुमंतानं टेम्पोचा फाळका लावल्याचा आवाज आला.  मग सर अगदी हलक्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, की तो पेपर त्यांनी घरी नेऊन काकूंना वाचून दाखवला होता. काकूंना त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, तरी अख्खा ऐकवला होता. आणि इतकी वर्षं ते भलत्याच मुलीसाठी हळहळत बसले, आणि ही दर दिवाळीला समोर बसून अनारसे खात होती. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. मंगलच्या डोळ्यांना तर कधीच धार लागली होती.

मग सरांनी नाक पुसलं, शर्टाची बाही नीट केली आणि एकदम विचारलं, ‘त्या पेपरात एक गुण कापला होता मी. का, ते माहीत आहे तुला?’

तिला कसं माहीत असणार? पेपर परत मिळाला होता तो बंद पाकिटात, सोनियाच्या नावानं, आणि सोनियानं तो उघडूनही बघितला नव्हता.

सर खुर्चीवरनं उठले. ‘बस,’ म्हणाले. मंगल खुर्चीवर बसली. सरांनी खिशातनं पेन काढलं आणि नारळाबरोबर मिळालेल्या पाकिटाच्या पाठीवर एकात एक चौकटी काढल्या. प्रश्न असा होता, ते सांगू लागले, की बटण दाबलं की ते ज्या फॉर्ममध्ये आहे तो अख्खा फॉर्म हाताशी आला पाहिजे. तिनं काय केलं होतं? बटणाचं पेरेंट, म्हणजे त्याच्या बाहेरची चौकट, मग त्याचं पेरेंट, त्याचं पेरेंट, अशा तीन पायऱ्या मोजून चढली होती. उत्तर बरोबर आलं होतं. पण उद्या मध्ये कुणी एक चौकट वाढवली तर पायऱ्या चुकल्या असत्या, आणि भलत्याच दारात जाऊन उभी राहिली असती. तिथं क्लोजेस्ट लिहायचं होतं. मोजत बसायचं नाही, सरळ नावानं हाक मारायची. मधे कितीही चौकटी येवोत.

हे सगळं मंगलला आज येत होतं. झोपेतसुद्धा आलं असतं. पण तिनं ते सांगितलं नाही. तिनं सरांच्या हातातलं पेन मागून घेतलं, आणि त्यांनी काढलेल्या चौकटींखाली ती ओळ पहिल्यांदाच शिकत असल्यासारखी लिहून काढली. सर वाकून बघत होते, अक्षर न् अक्षर.

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. प्रद्युम्नच्या गाडीचाही वाजला. मग जिन्यावर पावलं आली आणि हनुमंत दारातनं डोकावला, की सर, निगायचं का, उशीर व्हतोय.

सरांनी वळूनही बघितलं नाही.

‘थांब रे जरा,’ ते म्हणाले. ‘हिचा पेपर तपासतोय.’